भागिले माणसं

माझ्या वडिलांना पोचवून आम्ही शिवनाथ नदीच्या घाटावरून परत निघालो, तेव्हा गजभिये साहेब माझ्या शेजारून चालत होते. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता धीराचं काहीतरी सांगतील. ते हळूच म्हणाले, "बाबू, लाकडं रचाले नऊ मानसं लागले. चारात झालं असतं. बाकीचे पाच एकमेकायच्या पायात येऊन राहिले होते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा खरोखरच दुःखी होता.

"जपानात कसं करतेत, मले मालूम नाही," ते म्हणाले. "विचारून घेतो."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण तोवर मी चार वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. त्यांचं दुःख असंच बाहेर पडायचं, हे मला माहीत झालं होतं. आणि त्यांनी खरंच विचारून घेतलं. तीनेक महिन्यांनी जपानहून हवाई टपालाचं पाकीट आलं. ते त्यांनी कात्रीने नीट कापलं, वाचलं आणि घडी घालून ठेवलं.

"एक मानूस," मला म्हणाले. "बटन दाबते."

त्या दिवशी आमच्याकडून काही काम झालं नाही.

भिलाईत नोकरी म्हटली की लोकांना मोठा प्लांटच आठवतो. आमची फाउंड्री त्यातली नव्हे. आमची खाजगी, इंडस्ट्रियल एरियाच्या टोकाला, पत्र्याच्या तीन शेडची. बिडाचं लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि रेल्वेच्या डब्यांचे ब्रेक ब्लॉक काढायचे, एवढाच उद्योग. टाइम ऑफिसच्या मागे एक खोली होती. तिच्या दारावर 'उत्पादकता कक्ष' अशी पाटी होती, आणि त्या कक्षात आम्ही दोघं. शेषराव गजभिये हे प्रमुख, आणि बाकीचा सगळा कक्ष म्हणजे मी.

साहेब भंडारा जिल्ह्यातले. नागपूरला कुणाच्या तरी ओसरीवर राहून संख्याशास्त्राची पदवी घेतलेली. वैशाली नगरात दोन खोल्या भाड्याने घेऊन नवराबायको राहत. मूलबाळ नव्हतं. अंगाने बारीक, कपडे कडक इस्त्रीचे, आणि खिशात कायम एक बोटभर पेन्सिल. त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असायचा. शेडमधून कुणी धावत येऊन सांगितलं, "साहेब, आज रेकॉर्ड माल निघाला!" की हे विचारत, "भागिले किती?" म्हणजे किती माणसांनी काढला. सांगणाऱ्याचा उत्साह तिथेच ओतून थंड व्हायचा. सगळी फाउंड्री त्यांना मागे 'भागिले साहेब' म्हणत असे. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना त्यात चेष्टा वाटायची नाही, हुद्दा वाटायचा.

एकदा पावर हाउस भागातल्या बाजारात आम्ही भाजी घ्यायला गेलो. बाजाराच्या तोंडाशी समोशाचं दुकान होतं. साहेब तिथे थांबले आणि पेन्सिल काढली. एक पोरगेला माणूस लाटत होता, एक भरत होता, एक तळत होता आणि दोघं नुसते उभे होते. साहेब त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. दुकानदाराला वाटलं, सरकारी तपासणी आली. त्याने उभ्या दोघांना आत पिटाळलं आणि साहेबांपुढे गरम समोशांची प्लेट धरली.

"नको," साहेब म्हणाले. "मी खाल्लं तं खानारे वाढले, तळनारे तेवढेच."

दुकानदार हिंदी भाषिक. त्याला काही कळलं नाही, पण त्याने हात जोडले.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तो प्रसंग मात्र मी हसून सांगू शकत नाही. आईने चहा केला. आमचे नेहमीचे कप बाहेर आले आणि साहेबांसाठी फडताळातून एक निराळा कप आला, दांडी तुटलेला. आई वर्ध्याकडच्या जुन्या वळणाची. आडनाव ऐकून तिने तिच्या हिशेबाने काय ते ठरवलं होतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी ट्रेकडे आणि आतल्या उघड्या फडताळाकडे पाहिलं आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "काकू, मानसं चार, अन् सारखे कप सहा. दोन उरून राहिले. मंग हा सातवा कावून काढला?"

आईने तो कप उचलला. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सहातलाच एक कप होता. साहेबांनी चहा घेतला आणि चांगला झाल्याचं सांगितलं. पुढे ते दर आठ-पंधरा दिवसांनी यायचे. दांडी तुटलेला कप मी पुन्हा पाहिला नाही.

आता जपानचं सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या मालकांनी एका जपानी फाउंड्रीशी तंत्राचा करार केला. तिकडून सातो नावाचे इंजिनियर सहा महिन्यांसाठी आले. शांत, वाकून नमस्कार करणारे. एके दिवशी ते शेडमध्ये उभे राहून साचा भरण्याचं काम पाहत होते. पाहून झाल्यावर त्यांनी फार अदबीने सांगितलं की हे काम आमच्याकडे एक माणूस करतो. त्या क्षणी साच्याभोवती आमचे पाच जण होते. मॅनेजर हसले. सुपरवायझर हसले. साचा भरणारेही, साहेब लोक हसले म्हणून हसले. गजभिये साहेब हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

"एक अन् पाच," ते मला म्हणाले होते. "म्हनजे आपला मानूस त्यायच्या मानसाचा पाचवा हिस्सा होय का? हे खरं हाय का खोटं हाय, मले पाहाच लागन."

ते पाहणं पंधरा वर्षं चाललं. त्यांनी आलेखाचे कागद एकमेकांना चिकटवून भिंतभर ताव केला. खाली वर्षं, उभ्या बाजूला दर माणशी दर वर्षी किती टन. लाल रेष आमची, निळी त्यांची. दर एप्रिलला दोन नवे ठिपके पडत. निळी रेष जिना चढल्यासारखी वर जायची. लाल रेष आजाऱ्यासारखी पडून असायची. एखाद्या वर्षी जरा कूस बदलायची, तेव्हा साहेब मला चहा पाजायचे.

पण ठिपका मारण्याआधी त्यांना एक गोष्ट नक्की करायची असे. तिकडे 'माणूस' कुणाला म्हणतात? त्यासाठी ते दरवर्षी जपानला पत्र लिहीत. सफाईवाले धरता का? कँटीनचा स्वयंपाकी? महिन्याच्या मध्यात मेलेल्याला अर्धा धरता की पूर्ण? तिकडच्या ऑफिसात ओकादा नावाच्या एक बाई होत्या. त्या प्रत्येक प्रश्नाला क्रमांक देऊन उत्तर पाठवत. धरला आहे. धरलेला नाही. मेलेल्याला त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतो. दोघांचंही इंग्रजी शाळेतल्या निबंधासारखं, आणि दोघांनाही विषय सोडून बोलायची सवय नव्हती.

मधल्या एका वर्षी साहेबांच्या पत्नी गेल्या. पोटाचं दुखणं होतं, दोन महिन्यांत सगळं आटोपलं. साहेब पाचव्या दिवशी कामावर आले आणि राहिलेलं वार्षिक पत्र लिहायला बसले. ते टाइप मी केलं, म्हणून मला माहीत आहे. पहिल्या ओळीत होतं, 'या वर्षी माझी पत्नी वारली.' दुसऱ्या ओळीत होतं, 'गेटवरचे चौकीदार एकूण माणसांत धरले आहेत का, कृपया कळवावे.'

उत्तर आलं. 'एक. चौकीदार धरलेले नाहीत. दोन. आपल्या पत्नीबद्दल मला फार वाईट वाटले. माझेही घरी आईशिवाय कोणी नाही.' साहेबांनी ते पत्र फाइलला लावलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि चौकीदार वजा केले.

त्याच सुमारास बिसाहूची गोष्ट घडली. बिसाहू हा आमचा सगळ्यात जुना साचे भरणारा. छत्तीसगढी माणूस, हात एवढे हलके की ओल्या वाळूवर त्याच्या बोटाचा ठसा उमटत नसे. साहेब शेडमध्ये माणसं मोजत फिरत होते. त्याने हात न थांबवता विचारलं, "साहेब, मोर बाई ला घलो गिनत हव का?"

बायकोलाही मोजता का, असं तो विचारत होता. साहेब थांबले. बिसाहूची बायको रामबती वाळू वाहायची. तशा वीसेक बाया होत्या, ठेकेदाराच्या रेजा. सकाळी गेटवर यायच्या, डोक्यावर टोपली घेऊन दिवसभर शेडमध्ये ये-जा करायच्या. आमच्या हजेरीबुकात त्यांतल्या एकीचंही नाव नव्हतं. ठेकेदाराच्या वहीत नुसतं 'रेजा, इतके नग' असं लिहिलेलं असे.

"नाही," साहेब म्हणाले.

बिसाहू म्हणाला, "ओखर बिना मोर साँचा कइसे भरही?"

साहेब खोलीत आले आणि खुर्चीत बसून राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "माह्या बापानं गावची ढोरं ओढले, गावाची लाकडं फोडले. अख्ख्या गावचं काम केलं त्यानं. अन् गावात कोनी त्याले मानसात मोजलं नाही. आता मी इथं पेन्सिल घेऊन तेच करून राहिलो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बायांची नावं विचारून लिहायला सुरुवात केली. बाया लाजायच्या, टोपलीआड तोंड लपवायच्या, एकमेकींना ढोसायच्या. साहेब वळून उभे राहायचे आणि पाठमोरे लिहायचे. त्या एप्रिलला लाल रेष एकदम खाली आली. मॅनेजरांनी बोलावलं. "गजभियेजी, ये लाइन गिरी कैसे? माल तो उतना ही निकला!"

"लाइन नाही पडली साहब," हे म्हणाले. "आदमी बढ़ गए."

मॅनेजर वैतागले, पण तो कागद तसाही कुणी वाचत नव्हतं. म्हणून बाया मोजणीत तशाच राहिल्या.

नव्वदीच्या सुरुवातीला वारं बदललं. आमच्याकडे बाहेरून नवे जनरल मॅनेजर आले. पहिल्याच आठवड्यात ते आमच्या खोलीत आले आणि भिंतीवरचा ताव पाहून थक्क झाले. इतक्या वर्षांत त्या तावापुढे थांबलेले ते पहिले साहेब. त्यांनी विचारलं, जपानच्या बरोबरीला यायचं तर किती माणसं असायला हवीत? एक नोट बनवा.

गजभिये साहेबांना इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वय अठ्ठावन्नच्या घरात, पण नव्या नोकरीवर आल्यासारखे वागू लागले. पावर हाउसहून नवे कागद आणले. तीन आठवडे खपून त्यांनी चाळीस पानांची नोट लिहिली. तिकडे वाळू पट्ट्यावरून येते, इकडे डोक्यावरून. तिकडची भट्टी वेगळी. तिकडे बाहेरच्या ठेक्याची माणसं मोजतच नाहीत, तेव्हा त्यांचा एक हा खरा एक नव्हे. आधी पट्टा बसवा, मग माणसं दुसऱ्या कामाला लावा, तीन वर्षं द्या. सगळं त्यात होतं. आणि नोटेला सारांश लागतो म्हणून पहिल्या पानावर एक छोटा तक्ता होता. सध्याची माणसं, बरोबरीसाठी लागणारी माणसं, आणि शेवटच्या रकान्यात दोन्हींतला फरक.

वर ते पहिलं पानच गेलं. बाकीची एकोणचाळीस पानं माझ्या टेबलावर परत आली, टाचणीसकट.

कमी करायच्या माणसांची यादी मी टाइप केली. हे सांगायला मला आवडत नाही, पण केली मीच. त्यात बिसाहूचं नाव होतं. रेजांची यादी करावीच लागली नाही. एका सोमवारी गेटवर त्यांना सांगितलं गेलं की उद्यापासून येऊ नका. वर्षानुवर्षं त्या कुणाच्या मोजणीतच नव्हत्या, म्हणून त्यांना कमी करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तक्त्यात त्यांना साहेबांनीच आणलं होतं.

साहेब जनरल मॅनेजरांकडे वर गेले होते. मीही दारापर्यंत गेलो होतो. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "सर, पीछे के पन्ने... सर, पट्टे वाला पन्ना..." पाच मिनिटांत बाहेर आले. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं.

एप्रिल आला. लाल रेष पहिल्यांदाच उभी चढली. जनरल मॅनेजर स्वतः आले, साहेबांची पाठ थोपटून म्हणाले, "देखिए, आपका ग्राफ!" ते गेल्यावर साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"टन तेवढेच हायेत, बाबू," ते म्हणाले. "म्या दोनदा पाहिलं."

त्या वर्षीच्या पत्राला ओकादाबाईंचं उत्तर उशिरा आलं. त्यात एकच मुद्दा होता. आमच्या इथेही माणसं पुष्कळ कमी झाली असून या वर्षापासून मलाही एकूण संख्येत धरलेले नाही. हे पत्र मी घरच्या पत्त्यावरून लिहीत आहे. साहेबांनी त्या पत्त्यावर लगेच उत्तर पाठवलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. ते त्यांनी हाताने लिहिलं होतं.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला शेडमधलं कुणी आलं नाही. ज्यांची नावं यादीत नव्हती तेही आले नाहीत.

पुढच्याच रविवारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चाल, बिसाहूकडे जाऊ." मला नको होतं, तरी गेलो. रेल्वे फाटकापलीकडच्या बस्तीत त्याचं घर. बिसाहू अंगणात बाजेवर बसला होता. आम्हाला पाहून त्याने तोंड फिरवलं. रामबती दारात आली. पदर खोचून उभी राहिली.

"आव साहेब," ती म्हणाली. "तुमन तो गिनैया हव. हमर घर कतका झन हन, गिन लेव."

साहेब उंबऱ्याशी उभे होते. मला वाटलं, परततील. ते दाराच्या पायरीवर बसले आणि खरंच मोजू लागले. बिसाहू, रामबती, आत खोकणारी म्हातारी, दोन मुली. "पाच," ते म्हणाले. रामबती आत निघून गेली. आम्ही अर्धा तास तसेच बसून राहिलो. मग उठून आलो.

वाटेत मी म्हटलं, "साहेब, आता पुन्हा कशाला यायचं? ते बोलत नाहीत."

"त्यायनं माह्याशी बोलू नये, हे बराबरच हाय," ते म्हणाले. "पन मी गेलोच नाही, तं त्यायले वाटन का यानं कागद भरला अन् झालं."

त्यानंतर ते दर रविवारी जात राहिले. मी गेलो नाही. मला घर होतं, बायको होती, रविवारची कामं होती. रामबती कुणाच्या तरी घरी भांडी घासते आणि बिसाहू पावर हाउसला हमालीला जातो, असं त्यांच्याकडून कळायचं. तिथे बोलणं होतं का, असं विचारलं की मान हलवून नाही म्हणायचे. कपड्यांची इस्त्री आता पूर्वीसारखी नसायची. वैशाली नगरातल्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर त्यांच्याशी कोण बोलत होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

थंडीच्या दिवसांत एकदा मला फाटकापलीकडे काम निघालं. रविवारच होता. बस्तीच्या रस्त्याने जाताना मी सहज त्या अंगणाकडे पाहिलं. साहेब नेहमीसारखे पायरीवर बसले होते, गुडघे छातीशी घेऊन, मफलर कानाला गुंडाळून. पायरीवर सावली होती. अंगणात जेवढं ऊन होतं तेवढं बिसाहूच्या बाजेवर पडलं होतं. बिसाहू पाठ करून विडी ओढत होता.

साहेबांना खोकल्याची ढास लागली. थांबेना. बिसाहूने वळून पाहिलं नाही. विडी विझवली, खाली ठेवली, आणि बाजेवर थोडा पलीकडे सरकला.

साहेब आधी तसेच बसून राहिले. मग उठले, भिंतीला धरत उन्हात गेले आणि त्या रिकाम्या जागेवर बसले.